नेटवर्क नसतानाही निरोप पोहोचवणारा खिशातला रेडिओ: पुणेकर नवख्यांसाठी पहिल्यापासून

राजगडाला जाताना गुंजवण्याच्या आसपास फोनवरच्या दांड्या एकेक करत गायब होतात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर उलटा प्रकार असतो. दांड्या पूर्ण दिसतात, पण फोन लागत नाही आणि मेसेज एका टिकेवर अडकून बसतो. पहिल्या ठिकाणी टॉवर नाही, दुसऱ्या ठिकाणी टॉवरवर गर्दी आहे. दोन्हीवर एकच उपाय आमच्या गटाला लागू पडला: फोनला ब्लूटूथने जोडायचा छोटा लोरा (कमी विजेवर लांब पल्ला गाठणारा) रेडिओ. सगळे त्याला ‘नोड’ म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

काम सोपं आहे. तुम्ही फोनवर टाइप करता, फोन ते ब्लूटूथने नोडला देतो, नोड ते कुलूपबंद करून हवेत सोडतो. पुढचा नोड ते पकडतो आणि त्याच्या मालकाच्या फोनवर दाखवतो. मध्ये कुणी तिसरा नोडवाला असेल तर त्याचा नोड निरोप पुढे ढकलतो, आणि तो गटाबाहेरचा असेल तर त्याला तो वाचताही येत नाही. सिम नाही, इंटरनेट नाही, महिन्याचा रिचार्ज नाही. यासाठी मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे मेशटॅस्टिक. २०२० साली सुरू झालेला हा प्रकल्प मुक्तस्रोत आणि फुकट आहे.

काय होणार नाही तेही आधीच ऐका. आवाज जात नाही, फोटो जात नाही, फक्त मजकूर आणि ठिकाण जातं. आणि हा ११२ ला पर्याय नाही. कुणी पडलं, पाय मोडला, तर जिथे कुठल्याही कंपनीचं नेटवर्क मिळेल तिथून आधी ११२.

घरी जमवून ठेवायचं सामान

- किमान दोन नोड (एकट्या नोडशी कोण बोलणार?)
- ८६८ मेगाहर्ट्झची अँटेना, नोडमागे एक
- डेटा चालणारी यूएसबी केबल
- क्रोम किंवा एज ब्राउझर असलेला लॅपटॉप
- बॅटरी आणि बंद होणारी डबी
- खरेदीचं बिल आणि विक्रेत्याकडून मिळालेली ईटीएची (सरकारी मान्यतेची) प्रत

१. बोर्ड निवडा

बाजारात दोन जातीचे बोर्ड आहेत आणि खरा फरक बॅटरीचा आहे. हेलटेक व्ही ३ किंवा लिलिगो टी-बीम हे ईएसपी ३२ चिपवर चालतात. स्वस्त, सहज मिळणारे, शिकायला उत्तम, पण विजेचे खादाड. ३००० एमएएचच्या सेलवर साधारण एक दिवस धरून चाला. रॅक वायरलेसचे वायसब्लॉक किंवा सीड स्टुडिओचं कार्डाच्या आकाराचं टी १०००-ई हे एनआरएफ ५२८४० चिपवर चालतात. हे महाग पडतात, पण काही दिवस टिकतात. घरी गॅलरीत चार्जरला लावून ठेवायचा असेल तर पहिला प्रकार घ्या. खांद्याला अडकवून सिंहगड-राजगड-तोरणा करायचा असेल तर दुसरा.

मागवताना फ्रीक्वेन्सी तीनदा वाचा. भारतासाठी ८६८ चा बोर्ड लागतो. ४३३ चा थोडा स्वस्त दिसतो म्हणून मोह होतो, पण तो आपल्या कामाचा नाही आणि नंतर सेटिंगमध्ये बदलताही येत नाही, कारण आतलं सर्किटच वेगळं असतं.

बोर्ड बहुतेक ऑनलाइनच घ्यावा लागतो. डबी, सेल, वायर, कनेक्टर यांसाठी मात्र बुधवार पेठ आहेच. तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास एक चक्कर मारली की काम होतं. तिथे (आणि ऑनलाइनही) ‘९९०० एमएएच’ छापलेला १८६५० सेल दिसला तर हात लावू नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतं, बाकी छपाई. शिवाय टी-बीमच्या खाचेत प्रोटेक्शनवाला लांबट सेल नीट बसत नाही. सेल विकत घेण्याआधी बोर्ड सोबत नेऊन बसवून बघा.

२. नियमांचं एवढं तरी ठाऊक हवं

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा आहे. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. मर्यादा म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट, अँटेनासकट ४ वॅट, आणि कॅरियर बँडविड्थ (एका प्रक्षेपणाने व्यापायची रुंदी) २०० किलोहर्ट्झ. हे छोटे बोर्ड १ वॅटच्या बरेच खाली असतात, त्यामुळे शक्तीची काळजी नको. बँडविड्थची आहे, ती सहाव्या पायरीत येईल.

परवाना लागत नाही म्हणजे कागदच लागत नाही असं नाही. वायरलेस उपकरण देशात आणायला त्याची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकाराची मान्यता, लागते. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवलेलं पाकीट कस्टममध्ये अडकतं ते इथेच. भारतातल्या विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या आणि ईटीएची प्रत मागा. दोन्हींचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आणखी एक. परदेशी ट्रेकर्सचे व्हिडिओ बघून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घ्यायची इच्छा होते. आपल्याकडे उपग्रह फोन किंवा तसलं यंत्र परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

३. आधी अँटेना, मग वीज

हा क्रम कधीही मोडायचा नाही. अँटेना न लावता बोर्ड चालू केला आणि त्याने प्रक्षेपण केलं तर निघालेली शक्ती परत उलटून रेडिओच्याच अंगावर येते, आणि तो जळू शकतो. जळल्याचं कळतही नाही. पडदा लागतो, ब्लूटूथ चालतं, सगळं ठीक दिसतं, फक्त दहा फुटांपलीकडे काही पोहोचत नाही.

हेलटेकवर अँटेनाचा कनेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो तिरका दाबला की चेपतो. बरोबर वर धरून, बोटाच्या पेराने सरळ खाली दाबायचा, बारीक ‘टक’ जाणवतं. एकदा बसला की पुन्हा पुन्हा काढू नका, हे कनेक्टर मोजक्या वेळाच काढघाल सहन करतात. बॅटरीच्या वायरीही तपासा. लाल वायर बोर्डावरच्या अधिक चिन्हाकडेच जाते का ते बघूनच खोचा. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या बॅटऱ्यांत त्या उलटसुलट येतात आणि उलटी बॅटरी बोर्डाला माफ करत नाही.

४. फर्मवेअर स्वतः टाका

फर्मवेअर म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर. बऱ्याच बोर्डांवर विक्रेत्याने आधीच मेशटॅस्टिक टाकून दिलेलं असतं. तरीही ते पुसून नव्याने टाका. यामागे ठोस कारण आहे. २०२५ मध्ये उघडकीस आलं की काही विक्रेत्यांनी एकाच बोर्डाची नक्कल सगळ्यांवर उतरवली होती, त्यामुळे अनेक बोर्डांच्या खासगी की (निरोप उघडण्याच्या गुप्त किल्ल्या) तंतोतंत सारख्या होत्या. थोडक्यात, तुमच्या नावाचा निरोप दुसराही उघडू शकत होता. आवृत्ती २.६.११ पासून यावर उपाय केला आहे, पण पूर्ण पुसून टाकलेलं फर्मवेअर हा सरळ मार्ग.

मेशटॅस्टिकचा वेब फ्लॅशर क्रोम किंवा एजमध्ये उघडायचा, फायरफॉक्समध्ये अडतो. बोर्डाचं नेमकं नाव निवडा, ‘इरेज’चा पर्याय चालू करा आणि फ्लॅश. एनआरएफच्या बोर्डावर रीसेटचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की लॅपटॉपवर पेनड्राइव्हसारखी ड्राइव्ह उगवते, त्यात आधी इरेजची फाइल आणि मग पुन्हा तसंच करून फर्मवेअरची फाइल ओढून टाकायची. (टी १०००-ईला असं बटण नाही, तिथे एकच बटण धरून केबल दोनदा जोडावी लागते.)

लॅपटॉपला बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला. घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात. केबल बदलूनही नाही दिसला तर विंडोजवर सीपी २१०२ चा ड्रायव्हर टाका. हेलटेकला तो लागतो.

५. फोनशी जोडी

मेशटॅस्टिकचं अॅप घ्या आणि जोडी अॅपमधूनच करा, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नको. तिथून केलेली जोडी अर्धवट राहते आणि मग अॅपला नोड सापडत नाही.

पडदा असलेल्या नोडवर दर जोडीला नवा सहा आकडी पिन येतो, तो फोनवर टाकायचा. पडदा नसलेल्या नोडचा पिन कारखान्यातूनच १२३४५६ असतो, आणि हे जगाला माहीत आहे. बस स्टँडवर तुमच्या शेजारी बसलेला माणूस तो टाकून नोडमध्ये शिरू शकतो, चॅनेलची की वाचू शकतो. हवेतला निरोप कितीही पक्का असला तरी फोन आणि नोडमधलं हे दहा मीटरचं अंतर उघडं राहिलं तर उपयोग काय? अॅपमधल्या ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन पिन बदला, लगेच, त्याच बैठकीत.

एका वेळी एकच फोन जोडला जातो. नोड अचानक दिसेनासा झाला तर घरात दुसऱ्या कुणाच्या फोनने तो पकडून ठेवला नाही ना, हे आधी बघा. ईएसपी ३२ च्या बोर्डावर वाय-फाय चालू केलं की ब्लूटूथ बंद होतं हेही लक्षात असू द्या.

६. रीजन आणि प्रीसेट

रीजन निवडेपर्यंत नोड प्रक्षेपण करत नाही. यादीतून भारत, म्हणजे ‘आयएन’, निवडा. बहुतेक व्हिडिओ ‘ईयू ८६८’ निवडायला सांगतात. बोर्डावर ८६८ छापलंय म्हणून तेच बरोबर वाटतं, पण त्या सेटिंगवर नोड ८६९.५ च्या आसपास बोलतो. ते आपल्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर आहे, आणि आयएनवर असलेल्या मित्राला तुम्ही ऐकूही येणार नाही.

मग मॉडेम प्रीसेट, म्हणजे वेग आणि पल्ल्याची तयार जुळणी. आपोआप येणारा ‘लाँग फास्ट’ २५० किलोहर्ट्झ रुंद आहे, आणि नियमातला आकडा २०० आहे. आम्ही म्हणून ‘लाँग मॉडरेट’ वापरतो. तो १२५ चा आहे. पल्ला थोडा वाढतो, वेग मात्र पडतो. पूर्ण लांबीचा एक निरोप हवेत काही सेकंद राहतो. ट्रेकला याने काही अडत नाही. गटातल्या सगळ्यांचा प्रीसेट एकच हवा, नाहीतर बाकी सगळं जुळूनही शांतता.

रोल ‘क्लायंट’च राहू द्या. ‘राउटर’ हा शब्द भारी वाटतो म्हणून घरातल्या नोडला तो रोल देणारे खूप आहेत. राउटर बाकीच्यांच्या आधी तोंड उघडतो, आणि तो जर सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर बसला असेल तर आसपासच्या सगळ्यांचे निरोप त्याच खड्ड्यात जातात. हॉपची (निरोप किती वेळा पुढे ढकलायचा याची) मर्यादा तीन असते, तीच पुरते.

७. स्वतःचं चॅनेल: इथे घाई नको

नवीन नोडवर एक चॅनेल तयार येतं. त्यालाही एन्क्रिप्शन आहे असं अॅप सांगतं आणि लोक निर्धास्त होतात. पण त्याची की जगभरातल्या प्रत्येक नोडमध्ये तीच आहे. त्यावर लिहिणं म्हणजे मंडईत उभं राहून ओरडणं.

करायचं ते असं:

गटातल्या एकाने नवीन चॅनेल बनवावं, नाव द्यावं, कीची लांबी २५६ बिट निवडून की यंत्रालाच तयार करू द्यावी. स्वतःच्या डोक्याने की बनवू नका. हे चॅनेल पहिल्या जागेवर, म्हणजे प्रायमरी ठेवा आणि तयार आलेलं काढून टाका. जागेला महत्त्व आहे. पहिल्या चॅनेलच्या नावावरून नोड पट्ट्यातली नेमकी फ्रीक्वेन्सी ठरवतो. एकाच्या नोडवर गटाचं चॅनेल पहिलं आणि दुसऱ्याच्या नोडवर दुसरं असेल, तर की एकच असूनही दोघं वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर बसलेले असतात. ‘सगळं बरोबर आहे तरी चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

आता क्यूआर. अॅप चॅनेलचा क्यूआर दाखवतं, बाकीच्यांनी तो स्कॅन करायचा. स्कॅन केल्यावर ‘रिप्लेस’ की ‘अॅड’ असं विचारतं. कोऱ्या नोडवर रिप्लेस करा, आधीची चॅनेलं असतील तर रिप्लेसने ती पुसली जातील.

त्या क्यूआरमध्ये की जशीच्या तशी असते. त्याचा स्क्रीनशॉट ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर मागच्या वर्षी एकदाच आलेले, ज्यांचं नावही आठवत नाही असे पंधरा जण आणि प्रत्येकाच्या गॅलरीचा क्लाउड बॅकअप, सगळ्यांना की मिळाली. एकत्र बसा, चहा मागवा, एका फोनवरून दुसऱ्यावर समोरासमोर स्कॅन करा. दहा जणांचं पाव तासात होतं.

एकमेकांना थेट पाठवलेल्या निरोपांसाठी आवृत्ती २.५ पासून प्रत्येक नोडची स्वतःची की-जोडी वापरली जाते. समोरच्याच्या नावापुढे हिरवं कुलूप दिसलं तर निरोप फक्त त्यालाच उघडेल. पिवळं असेल तर चॅनेलची की वापरली जातेय, म्हणजे गटातला कुणीही वाचू शकतो. लाल खूण आली तर थांबा. त्या नावाच्या नोडची की बदललेली आहे. त्याने नोड पुसून पुन्हा टाकला असेल, किंवा तो तो नसेल. फोन करून विचारा.

कुलपाबाहेर काय राहतं हेही सांगायला हवं. कोणत्या क्रमांकाच्या नोडने कोणाला पाठवलं हे उघडंच असतं, झाकला जातो तो मजकूर. आणि चॅनेलवर आलेल्या निरोपावर दिसणारं नाव हा पुरावा नव्हे, की हाती असलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने लिहू शकतो.

शेवटी दोन सेटिंग. एमक्यूटीटी बंद ठेवा. ते चालू असेल तर निरोप इंटरनेटवरच्या सर्व्हरला जाऊ शकतात. ‘लायसन्स्ड’ किंवा हॅम ऑपरेटरचा पर्याय तर चालू करूच नका. हौशी रेडिओवर गुप्त मजकूर चालत नाही, म्हणून तो पर्याय एन्क्रिप्शनच काढून टाकतो.

८. आधी टेकडी, मग गड

पहिली चाचणी ट्रेकच्या दिवशी पायथ्याला नको. एकाने घरी थांबावं, दुसऱ्याने वेताळ टेकडी चढावी. सुमारे ८०० मीटर उंचीची ही शहरातली सगळ्यात उंच टेकडी. या रेडिओला अंतरापेक्षा दृष्टिरेषा प्यारी आहे. टेकडीवरून सिंहगड सरळ दिसतो, म्हणून तिथून गडावरच्या माणसाशी बोलणं जमतं. त्याच नोडला नारायण पेठेतल्या वाड्यातून शेजारच्या गल्लीत पोहोचताना घाम फुटतो. भिंती, जिने, पत्रे, सगळेच आडवे येतात.

राजगडाला गेलात की हेच उलगडतं. बालेकिल्ल्यावरून स्वच्छ हवेत सिंहगड दिसतो, त्यामुळे तिथे कुणी नोड घेऊन बसलेला असेल तर त्याच्यामार्फत निरोप पुण्यात उतरू शकतो. गुंजवण्यात उतरलात की डोंगर मध्ये येतो आणि गप्प. म्हणून गटातल्या एकाने वर माथ्यावर असताना सगळ्यांचे निरोप उरकून घ्यावेत. पावसाचा या फ्रीक्वेन्सीवर फारसा परिणाम होत नाही, पाणी बोर्डात शिरतं त्याचा होतो. डबीला रबरी वायसर हवाच.

विसर्जनात पथकासाठी वापरणार असाल तर नोड खिशात ठेवू नका, माणसांच्या गर्दीत अंगाअंगात लहरी जिरतात. ट्रॉलीवर उंच बांधा. मंडईपासून अलका चौकापर्यंत रस्त्यालगत कुणा ओळखीच्याची वरच्या मजल्यावरची गॅलरी मिळाली तर एक नोड तिथे ठेवा, सगळ्या मार्गाचा खेळ बदलतो. पण उघड्या वायरींची, लुकलुकणारी पेटी त्या बंदोबस्तात घेऊन फिरू नका. २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झालेलं हे शहर आहे, पोलिसांनी हटकलं तर त्यांचं चूक नाही. बंद डबी, वर पथकाचं नाव, फोनमध्ये बिल. खडकवासल्याला एनडीएच्या हद्दीजवळ, लोहगावला, छावणीच्या भागात पल्ल्याचे प्रयोग करायला जाऊ नका.

टिकेबद्दल: चॅनेलवर पाठवलेल्या निरोपाला ‘पोहोचला’ची खूण येते, तिचा अर्थ कुणीतरी एका नोडने तो पुढे ढकलला, इतकाच. वाचला असा नव्हे. महत्त्वाचं असेल तर ‘मिळालं’ असं उत्तर मागा.

९. मराठीत लिहाल तेव्हा

एका निरोपात सुमारे २०० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे तीन. ‘मी गडावर पोहोचलो’ हे एवढंसं वाक्य ४४ बाइट खातं. तेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर विसाच्या आत. पूर्ण निरोपात देवनागरीची साधारण ६६ चिन्हं, म्हणजे दहा-बारा शब्द. लांबलचक सूचना मध्येच तुटते.

आम्ही देवनागरी सोडली नाही, निरोप आखडले. ‘माथा’, ‘पाणी संपलं’, ‘उतरतोय चोर दरवाजा’, ‘थांबा’. अॅपमध्ये असे ठरलेले निरोप आधीच साठवता येतात, दमलेल्या बोटांना एक टॅप पुरतो. चिन्हचित्रं (इमोजी) टाळा, एकेक चार बाइट किंवा जास्त घेतं.

१०. नोड हरवला तर

ज्याला सापडेल त्याच्या हाती चॅनेलची की गेली असं धरा. त्याने आधी हवेतून काही टिपून ठेवलं असेल तर तेही त्या कीने उघडतं, कारण चॅनेलची की दर निरोपाला बदलत नाही. गटाने त्याच आठवड्यात एकत्र बसून नवी की बनवावी, नवा क्यूआर, जुनं चॅनेल प्रत्येकाच्या नोडवरून पुसलेलं. एक जण जरी जुन्यावर राहिला तरी तो ऐन वेळी एकटा पडतो, म्हणून नावं वाचून एकेकाची खूण करा. कुणी गट सोडून गेला, भांडून किंवा न भांडता, तरी हेच करायचं. आणि जुना नोड कुणाला विकणार असाल तर आधी चौथी पायरी, इरेजसकट.